आधी पट पाहा

यासुनारी कावाबातांची 'मेइजिन' ही कादंबरी शिकवताना एक सूत्र हमखास सांगितले जाते: वृद्ध गुरू म्हणजे परंपरा, त्याला हरवणारा तरुण ओताके म्हणजे आधुनिकता. सूत्र सोयीचे आहे. प्रश्नपत्रिकेत तर फारच. आमचा आक्षेप एवढाच की ते मांडणाऱ्यांनी 'गो'चा पट पाहिलेला नसतो.

ओताके ज्याच्यावरून घेतला तो कितानी मिनोरू. १९३३ साली त्याने आणि गो सेइगेनने डावाच्या आरंभीच्या मांडणीचा, म्हणजे फुसेकीचा, नवा विचार पुढे आणला. कोपऱ्यात पटाच्या दोन कडा आयत्याच मिळतात, म्हणून तिथे थोड्या खड्यांत प्रदेश घेरता येतो. मध्यभागी चारी बाजू आपणच बांधायच्या. सबब जुनी रीत अशी की आधी कोपरा धरावा, दुसऱ्या खड्याने तो पक्का करावा, मग कडेला पसरावे. नव्यांनी विचारले, दोन खडे कशाला? तारकाबिंदूवर एकच ठेवू. कोपरा थोडा उघडा राहील, पण वाचलेली खेळी दुसरीकडे कामी येईल आणि मध्यावर वचक बसेल. हा वाद वेगाच्या आणि प्रदेशाच्या किमतीचा होता. त्याला पिढ्यांच्या भांडणाचे रूप आपण दिले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात एकोणीस वर्षांच्या सेइगेनने होनिन्बो शुसाईंविरुद्ध पहिला खडा तीन-तीनवर ठेवला. होनिन्बो घराण्यात ही जागा निषिद्ध मानलेली. दुसरा तारकाबिंदूवर आणि तिसरा थेट ३६१ बिंदूंच्या ऐन मध्यावर! जानेवारी १९३४ पर्यंत चाललेला हा डाव शुसाईंनी दोन गुणांनी जिंकला. मात्र हवा तेव्हा डाव तहकूब करून घरी विचार करण्याची मुभा एकट्या शुसाईंना होती, आणि निर्णायक १६०वी खेळी शिष्याने सुचवल्याचा प्रवाद आजही आहे.

कादंबरीतला डाव १९३८चा. तोवर कितानी मध्याचा सोस सोडून पुन्हा प्रदेश राखणाऱ्या सावध खेळाकडे वळला होता. म्हणजे ज्याला आपण आधुनिकतेचा प्रतिनिधी म्हणतो, तो आपल्याच बंडाची दुरुस्ती करून पटावर बसला होता. नवे असेल तर ते नियमांत होते. प्रत्येकाला चाळीस तास, आणि तहकुबीच्या वेळी पुढची खेळी लिहून लिफाफ्यात बंद. कावाबातांचा शोक अस्सल आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या जगासाठी तो आहे त्यात ज्येष्ठाची ती एकतर्फी मुभाही होती. तिला नुसते 'परंपरेचे सौंदर्य' म्हणणे ही आम्हांला वाचनाची हलगर्जी वाटते. (असल्या मुभा आपल्याही साहित्यव्यवहारात कमी नाहीत, तो विषय वेगळा.)

नव्या फुसेकीतला तारकाबिंदू पुढे रोजच्या खेळात मुरला. मध्यावरचा आरंभ क्वचितच दिसतो. आणि २०१७पासून, अल्फागोच्या खेळानंतर, तारकाबिंदूवरील खड्याखालच्या तीन-तीनच्या जागी अगदी आरंभीच घुसण्याची रीत रूढ झाली. हीच घुसखोरी पूर्वी शिक्षक नवशिक्याला दटावून थांबवीत, कारण तिने प्रतिस्पर्ध्याला बाहेरची भिंत फुकट मिळते. यंत्राच्या हिशेबात त्या भिंतीची किंमत मानली जात होती तेवढी निघाली नाही. या खेळीला परंपरा म्हणायचे की आधुनिकता, ते सूत्रवाल्यांनी सांगावे.