आपला नंबर कितवा?

गेल्या जूनमध्ये आमच्या चाळीतील एक काका संध्याकाळी दारात येऊन उभे राहिले. हातात सहा-सात पाने. "अरे, तू कॉलेजात जातोस ना? मग हे एवढे भरून दे." ज्या कारखान्यात त्यांनी एकोणीस वर्षे काढली तो बंद पडला होता, कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीत गेले होते, आणि थकलेल्या पगाराचा दावा सांगण्याचा हा नमुना होता. सगळा इंग्रजीत. मी पडलो साहित्याचा विद्यार्थी. 'क्रेडिटर' म्हणजे धनको एवढे मला ठाऊक होते. पण येथे धनको म्हणजे आमचे काका, हे ध्यानात यायला वेळ लागला! नमुना भरून झाल्यावर त्यांनी एकच विचारले, "या रांगेत आपला नंबर कितवा रे?"

लालबाग-परळला ही रांग नवी नाही. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. बहुसंख्य डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते. पण 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्यानुसार बोलणी करण्याचा अधिकार मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा. कामगार एकीकडे आणि त्यांचा कायदेशीर प्रतिनिधी दुसरीकडे, असा तो चमत्कारिक प्रकार होता. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही.

गंमत अशी, की त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दक्षिणेतील एका खटल्यात सांगितले, की कंपनी मोडीत काढण्याच्या अर्जावर कामगारांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. भांडवल घालणारा तेवढा कंपनीचा आणि घाम गाळणारा परका, हा समज तेथे ढासळला. पुढे 1985 च्या दुरुस्तीने कंपनी मोडताना कामगारांचे देणे तारणवाल्या बँकांच्या बरोबरीने आणून बसवले.

2016 च्या दिवाळखोरी संहितेतही ही बरोबरी आहे, पण अवसायन सुरू होण्यापूर्वीच्या 24 महिन्यांपुरतीच. त्याआधीचा पगार पार खालच्या पायरीवर, सरकारी देण्याच्याही खाली. कचेरीतल्या नोकरांना तर 12 महिनेच, आणि तेही एक पायरी खाली. (भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीच्या फंडातला पैसा या वाटपाबाहेर ठेवला आहे, एवढे बरे.) कंपनी विकायची की मोडायची हे ठरवते धनकोंची समिती, आणि तिच्यात मत असते ते कर्ज देणाऱ्यांना. कामगार धरून कर्ज न देणाऱ्या इतर धनकोंचे मिळून देणे एकूण कर्जाच्या दहा टक्क्यांपर्यंत गेले तर त्यांच्या प्रतिनिधीने बैठकीत बसावे, ऐकावे. मत देता येत नाही. आजारी गिरण्यांची प्रकरणे पूर्वी वर्षानुवर्षे रेंगाळत, यंत्रे गंजत, हे खरे. बँकेचा पैसा म्हणजे ठेवीदारांचाच पैसा, हेही मला मान्य. पण घाई करायची तर ती कुणाच्या पगारावर?

वकिलांचे कसब कुठे लागते ते पाहायचे तर गिरण्यांच्या जमिनी पाहाव्यात. 1991 च्या विकास नियमावलीतील 58 व्या नियमाने ढोबळमानाने तीन वाटे ठरले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली त्यात दुरुस्ती झाली, आणि वाटणी सगळ्या जमिनीची न राहता बांधकाम नसलेल्या तेवढ्याच जमिनीची झाली. गिरणीच्या आवारात मोकळे असे असते तरी किती? खाती, गोदामे, चिमणी, सगळे बांधकामच. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये पर्यावरणवाद्यांच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये तो फिरवून दुरुस्ती कायम ठेवली. दोन्ही बाजूंना निष्णात वकील होते, निकाल कायद्याला धरूनच असेल. मात्र 'मोकळी' या एका शब्दाने गिरणगावाचे मैदान आणि घरे किती आक्रसली, ते लोअर परळच्या पुलावर पाच मिनिटे उभे राहिले तरी दिसते.

आमच्या वर्गातील काही मित्र पदवीनंतर कायद्याकडे जाणार आहेत. त्यांतला एक म्हणतो, वकिलाने अशिलाचे हित पाहावे, बाकीची चिंता कायदेमंडळाने करावी. त्याचे चूक नाही. मात्र कंपनीचा सल्लागार जेव्हा योजना लिहितो तेव्हा कामगाराच्या बाजूने तितक्याच तोलाचे कुणी टेबलापाशी नसते, ही माझी तक्रार आहे. समितीत कामगारांना मत हवे, मग ते एकच का असेना. 24 महिन्यांची मर्यादा कारखान्याचे दार बंद झाल्या दिवसापासून मागे मोजावी. कारण बंद दारामागे प्रकरण दोन-तीन वर्षे चालले, तर शेवटचा खरा पगार त्या चोवीस महिन्यांच्या बाहेरच पडणार. आणि निदान महाराष्ट्रातल्या कारखान्यांसाठी दाव्याचा तो नमुना मराठीत छापावा. याला तर कायदाही बदलावा लागणार नाही.

काकांना मी त्या दिवशी सांगितले, "दोन वर्षांचा पगार बँकेच्या बरोबरीने, त्याआधीचा जवळजवळ शेवटी." त्यांनी बोटांवर महिने मोजायला सुरुवात केली.