जुन्या रेसकारचे ब्रेक : किती बदलावेत, कुठे थांबावे

सत्तर वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार शर्यतीत उतरवायची, तर तिचे मूळचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवावेत का? ऐतिहासिक गाड्यांच्या शर्यतींत हा वाद पुन्हा पुन्हा निघतो. इंग्लंडमध्ये गुडवुडला 1998 पासून रिव्हायव्हल भरते, फ्रान्समध्ये 2002 पासून ले मान्स क्लासिक होते. तिथे 1950 च्या दशकातल्या गाड्या नुसत्या मिरवत नाहीत, ईर्ष्येने पळतात. मालक म्हणतो, आधी जीव. जाणकार म्हणतात, गाडीचा इतिहास एकदा पुसला की परत येत नाही. दोघेही प्रामाणिक आहेत. पण दोघांच्या बोलण्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. ब्रेक ऐनवेळी दगा देऊ नये, हा एक प्रश्न. ब्रेक मूळच्यापेक्षा जोरदार व्हावा, हा दुसरा. सुरक्षेच्या नावाने पहिल्याला जी मान्यता मिळते, ती दुसऱ्याने आपोआप पदरात पाडून घेऊ नये, असे आमचे मत आहे.

उदाहरण म्हणून जॅग्वारची एक्सके 120 घेऊ. 1948 च्या लंडन मोटार प्रदर्शनात ती आली तेव्हा लोक थक्क झाले. 3.4 लीटरचे इंजिन, 160 अश्वशक्ती आणि नावातच सांगितलेला ताशी 120 मैलांचा, म्हणजे सुमारे 193 किलोमीटरचा वेग. ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रमचे. त्यावर पत्र्याची बंद चाके आणि मागच्या चाकांना झाकणारे पत्रे. वारा आत शिरायला वावच नव्हता. तारांची चाके बसवल्यावर थोडा फरक पडायचा, पण इंजिनाच्या मानाने ब्रेक तोकडे आहेत, ही तक्रार या गाडीला पहिल्यापासून चिकटली.

कारण साधे आहे. तेराशे किलोची गाडी ताशी 160 वरून 80 किलोमीटरवर आणली, तर वेग निम्मा होतो, पण ऊर्जेचा तीन चतुर्थांश भाग बाहेर पडतो. ही ऊर्जा साधारण साडेनऊ लाख ज्यूल भरते. 30 अंशांचे सव्वातीन लीटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापवायला जवळपास एवढीच लागते. वाऱ्याचा थोडा वाटा सोडला, तर ही सगळी उष्णता तीन-चार सेकंदांत ब्रेकमध्ये उतरते आणि पुढच्या वळणावर तेच पुन्हा घडते. तापलेला ड्रम फुगतो आणि आतल्या शूपासून लांब जातो, त्यामुळे पेडल दर वेळी आणखी खाली जाते. ड्रममध्ये पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच आत ओढला जातो, म्हणून थंड असताना थोड्या दाबातही ब्रेक छान लागतो. पण शूवरचे लायनिंग तापून घर्षण कमी झाले, की ही फुकटची मदतही आटते आणि ब्रेक आणखी झपाट्याने मंदावतो. बोरघाट उतरताना भरलेल्या ट्रकच्या चाकांतून जो जळका वास येतो, तो याच दुखण्याचा. डिस्क मात्र उघड्यावर फिरते, वाऱ्याने लवकर निवते आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते.

डिस्कची कल्पना एक्सकेच्या काळात नवी नव्हती. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 मध्येच तिचे पेटंट घेतले होते. शर्यतीत ती रुजवली जॅग्वार आणि डनलॉप यांनी मिळून. एक्सके 120 वरूनच घडवलेल्या सी-टाइपला डिस्क लावून स्टर्लिंग मॉस आणि नॉर्मन ड्यूइस 1952 च्या इटलीतल्या मिल्ले मिलिया शर्यतीत उतरले. ती गाडी शर्यत पुरी करू शकली नाही, पण त्याच वर्षी रीम्सला मॉस यांनी डिस्कच्या सी-टाइपवर विजय मिळवला. 1953 मध्ये टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ले मान्सची चोवीस तासांची शर्यत ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरीने जिंकली. हा पल्ला तोवर तिथे कुणी गाठला नव्हता. रस्त्यावरच्या एक्सके मालिकेला डिस्क मिळाल्या त्या 1957 च्या एक्सके 150 ला. म्हणजे एक्सके 120 च्या मालकाला जे हवे आहे, ते तिच्या धाकट्या भावंडाकडे आहेच. मोह होतो तो त्यामुळेच.

बदलाच्या बाजूचे मुद्दे हलके नाहीत. शर्यतीत ब्रेक गेला तर धोका एकट्या चालकाला नसतो. पुढच्या गाडीतला माणूस, वळणावर झेंडा घेऊन उभा असलेला स्वयंसेवक आणि कठड्यामागचा प्रेक्षक यांनी हा धोका निवडलेला नाही. शिवाय जुनी इंजिने आज त्यांच्या ऐन उमेदीतल्यापेक्षा जास्त ताकद देतात. यंत्रकाम अचूक झाले आहे, धातू सुधारले आहेत, आणि अनेक जुन्या गाड्या त्यांच्या काळापेक्षा कमी वेळात फेरी पुरी करतात. इंजिन आजचे आणि ब्रेक तेव्हाचा, ही जोडी विषम आहे. तिसरा मुद्दा असा की ‘मूळचा ब्रेक’ म्हणून आपण जे जपतो, त्यातले बरेचसे कधीच बदलले आहे. त्या काळच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस होता. तो घातक ठरला आणि ब्रिटनने 1999 मध्ये त्यावर पूर्ण बंदी घातली. आजच्या ड्रममधले लायनिंग वेगळेच आहे. चौथा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे. त्या काळचे शर्यतवीर स्वतः ब्रेक सुधारत होते. लोखंडी अस्तराला अ‍ॅल्युमिनियमचे पंख जोडलेले अल्फिन ड्रम लोक हौसेने बसवत. मग आजच्या मालकाचेच हात का बांधायचे?

आता दुसरी बाजू. ड्रमच्या गाडीवर शर्यत खेळणे हे वेगळे कसब आहे. तिथे पहिल्याच फेरीत सगळा ब्रेक उधळून चालत नाही. शेवटच्या फेऱ्यांसाठी तो राखावा लागतो, वळणाच्या बरेच आधी पाय उचलावा लागतो, गिअर उतरवत इंजिनाच्या ओढीने वेग कमी करावा लागतो. जाणता चालक पेडल किती खाली जाते यावरून पुढचे वळण कसे घ्यायचे ते ठरवतो. डिस्क बसवली की हे कसब दिसेनासे होते. आणि सगळ्यांनीच डिस्क बसवल्या, तर 1953 मध्ये सी-टाइपने ले मान्सला नेमके काय साधले, हे आजच्या प्रेक्षकाला कळणार कसे? तो विजय समजायला समोर ड्रमच्या गाड्या हव्यात.

माणसाच्या स्वभावाचाही विचार करायला हवा. ब्रेक चांगला झाला की चालक सावकाश जात नाही, उशिरा ब्रेक मारतो. सुरक्षेसाठी मिळवलेले अंतर वेगात खर्च होते. मग वाढलेला भार पेलायला स्टब अ‍ॅक्सल, चाकाच्या तारा आणि सस्पेन्शन यांचाही विचार करावा लागतो. आणि जोरदार ब्रेक म्हणजे कमी अंतरात थांबणे, हे समीकरणही तितकेसे खरे नाही. थंड असताना चांगला ड्रम ब्रेकही चाक जाम करू शकतो. एकदा चाक जाम झाले की अंतर ठरवतो तो टायर. डिस्कचा खरा फायदा पहिल्या थांब्यात नसतो, विसाव्या थांब्यात असतो.

अर्धवट बदल तर मूळ ब्रेकपेक्षा वाईट. ड्रमच्या व्यवस्थेत नळीत थोडा दाब कायम राहावा म्हणून मास्टर सिलिंडरपाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर बसवताना तो काढायचा राहिला, तर पाय उचलल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतात. गाडी पॅडॉकमधून निघतानाच ब्रेक तापलेले असतात आणि दोष कुठे आहे ते पटकन सापडत नाही. मास्टर सिलिंडरचा व्यास कॅलिपरशी जुळला नाही, तर पेडल एक तर दगडासारखे होते किंवा खोल जाते. पुढचा ब्रेक वाढवून मागचा तसाच ठेवला, तर दोन्हींतला तोल बिघडतो. एक भाग बदलला की अख्खी व्यवस्था नव्याने बसवावी लागते.

ट्रॅकवर ब्रेक ही एकट्याची बाब राहत नाही, हे 11 जून 1955 च्या ले मान्स दुर्घटनेने दाखवून दिले. माइक हॉथॉर्न यांनी पिटकडे वळण्यासाठी आपली डिस्क ब्रेकची डी-टाइप जॅग्वार एकदम हळू केली. मागचे लान्स मॅक्लिन डावीकडे सरकले आणि त्यांच्या ऑस्टिन-हीलीवर पिएर लेव्हेग यांची मर्सिडीज वेगात आदळली. ऐंशीहून अधिक माणसे मेली. चौकशीने एकाही चालकाला दोषी धरले नाही. पिट आणि ट्रॅक यांच्यात दुभाजक नव्हता, रस्ता अरुंद होता, कारणे अनेक होती. आपटलेल्या ऑस्टिन-हीलीलाही डिस्क ब्रेकच होते, म्हणून नुसत्या ड्रमला दोष देणे चुकीचे ठरेल. पण पुढची गाडी किती अंतरात हळू होईल याचा मागच्याचा अंदाज चुकला तर काय होते, हे त्या दिवशी जगाने पाहिले. म्हणून एकाने गुपचूप डिस्क बसवणे हे शेजाऱ्याच्या अंदाजाशी खेळणे आहे.

या सगळ्याचा ताळेबंद मांडला तर वाट दिसते. ब्रेक दगा देऊ नये यासाठी जे लागते ते सगळे करावे, त्यात हात आखडता घेऊ नये. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान 230 अंश सेल्सिअस, ओलावा शोषल्यावर किमान 155. उकळलेल्या ऑइलची वाफ दबते आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून शर्यतीच्या मोसमात ऑइल वारंवार बदलावे, हवा नीट काढावी, जुन्या रबरी नळ्यांऐवजी स्टीलच्या जाळीच्या नळ्या बसवाव्यात, ड्रमपर्यंत वारा पोचेल अशी सोय करावी. जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकाच सर्किटचे ऑइल जाते. एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. तिथे दुहेरी सर्किट बसवायला आयोजकांनी मोकळ्या मनाने परवानगी द्यावी. यातल्या एकाही बदलाने गाडी दुसऱ्यापेक्षा जास्त वेगवान होत नाही.

ड्रमच्या जागी डिस्क हा मात्र दुसऱ्या प्रश्नातला बदल आहे. तो मालकाच्या मर्जीवर सोडू नये. मोटार शर्यतींची जागतिक संघटना असलेल्या एफआयएच्या, ऐतिहासिक गाड्यांसाठीच्या अपेंडिक्स के नियमांचे मूळ तत्त्व असे की गाडी तिच्या काळच्या रचनेप्रमाणे असावी आणि तसा तांत्रिक पासपोर्ट तिच्याजवळ असावा. हे तत्त्व योग्य आहे. त्या मॉडेलला त्या काळात शर्यतीत डिस्क असल्याचा पुरावा असेल तर हरकत नाही. नसेल तर ड्रम राहावेत, आणि इंजिनाच्या वाढलेल्या ताकदीवर तोडगा म्हणून इंजिनालाच मर्यादा घालावी. ज्याला डिस्क हव्याच आहेत, त्याच्यासाठी बदललेल्या गाड्यांचा वेगळा गट असावा. तिथेही छिद्र न पाडता, कापाकापी न करता, मूळ भाग जपून आणि लेखी नोंद ठेवून काम व्हावे, म्हणजे पुढच्या मालकाला गाडी पूर्ववत करता येईल. सुरुवातीच्या अ‍ॅल्युमिनियम बॉडीच्या एक्सके 120 जेमतेम 240 च्या आसपास निघाल्या. त्यांच्या बाबतीत ही अट दुप्पट कडक असावी.

भारतात अशा गाड्यांचे मेळावे आणि रॅली होतात, पण 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून नोंदणी सुरू केल्यापासून ‘मूळ रूप’ हा प्रश्न आपल्याकडेही आला आहे. त्या नियमांत चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांतल्या फेरफाराचा उल्लेख आहे, ब्रेकचा नाही. मुंबई-पुण्याच्या मालकांनी ही मोकळीक डिस्क लावण्यासाठी न वापरता नळ्या, ऑइल आणि सिलिंडर ठणठणीत करण्यासाठी वापरावी. आणि आयोजकांनी, इथल्या असोत वा तिथल्या, गाडी रांगेत उभी करण्याआधी ती किती अस्सल आहे हे पाहावेच, पण त्याच्या आधी चाक उचलून, पेडल दाबून, ती थांबते की नाही याची खात्री करून घ्यावी. या तपासणीत जी गाडी उतरणार नाही, ती कितीही दुर्मीळ असली तरी तिला परत पाठवण्याचे धैर्य आयोजकांत हवे.