जुना संगणक टाकण्यापूर्वी

आमच्या नोएडाच्या घरात दिवाणखान्यापासून नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या खोलीपर्यंत इंटरनेटची वायर लोळत पडलेली असायची. गेल्या महिन्यात सासूबाईंचा पाय तीत अडकला. भिंतीचा आधार मिळाला म्हणून थोडक्यात निभावले. त्याच संध्याकाळी ती वायर काढली आणि नानांच्या २०१० सालच्या संगणकाचे इंटरनेट बंद झाले.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढे? पण पुणे सोडून मुलाकडे राहायला आलेल्या माणसाला इथे सकाळचा मराठी पेपर दारात मिळत नाही. नाना तो संगणकाच्या मोठ्या पडद्यावर वाचतात. मोबाईलवरची अक्षरे त्यांना दिसत नाहीत. आमचे चिरंजीव म्हणाले, "आजोबा, भंगारात काढा आता." नाना एवढेच म्हणाले, "चालतोय ना? मग का टाकायचा?"

रविवारी हे आणि मी दिल्लीच्या नेहरू प्लेसला गेलो. पहिल्या दुकानदाराने नवा संगणकच दाखवला. दुसऱ्याने मात्र अंगठ्याएवढा वायरलेस अडॅप्टर काही शे रुपयांत दिला. तो बसवताना जे शिकलो, ते तुमच्याही उपयोगी पडेल.

वायरलेस कार्ड दोन प्रकारचे असते. एक कॅबिनेट उघडून आतल्या स्लॉटमध्ये बसवायचे, दुसरे बाहेरून यूएसबीमध्ये खोचायचे. जुन्या संगणकातल्या लांब पीसीआय स्लॉटमध्ये हल्लीची पीसीआय एक्स्प्रेस कार्डे बसत नाहीत, म्हणून यूएसबीचे सोयीचे. आतले बसवायचेच असेल तर आधी प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि कार्ड कडेने धरा. अंगातल्या स्थिर विजेने नाजूक भाग बिघडू शकतात.

खरेदीपूर्वी आपल्या संगणकात कोणते विंडोज आहे ते पाहा आणि तेच नाव खोक्यावर आहे ना, याची खात्री करा. कार्डाची ओळख संगणकाला पटवणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. तो इंटरनेटवरून घ्यायचा, तर इंटरनेटच नाही! अशा वेळी दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने आणावा. काही कार्डांचा ड्रायव्हर आधी घालून मगच कार्ड खोचायचे असते. सूचनापत्रक वाचा.

स्वस्त अडॅप्टर बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झ लहरींवरच चालतात. आपल्याकडे २००५ पासून या लहरी घरात वापरायला परवाना लागत नाही. त्या भिंतींतून बऱ्यापैकी जातात, पण लोखंडी कपाटामागे अडतात. आम्ही छोटी यूएसबी वायर जोडून अडॅप्टर टेबलावर घेतला, तेव्हा कुठे नीट जोडणी मिळाली.

फार जुन्या कार्डांना डब्ल्यूपीए-२ ही सुरक्षा कळत नाही. त्यांच्यासाठी राउटरचे कुलूप सैल करू नका, कार्डच बदला. आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती २०१४ मध्ये, तर विंडोज ७ ची २०२० मध्ये थांबवली. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार मुळीच नकोत. लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालता येते. मात्र अडॅप्टर तिच्यावर चालतो का, ते आधी विचारावे.

एवढा खटाटोप कशाला? आमच्यापासून काही मैलांवर ईशान्य दिल्लीत सीलमपूर आहे. टाकून दिलेले संगणक तिथे हातांनी फोडले जातात. तांब्यासाठी वायरी जाळणे, सोन्यासाठी सर्किट आम्लात बुडवणे, या उद्योगाचा धूर तिथल्या गरिबांच्या, लहान मुलांच्याही छातीत गेला आहे. संगणक खरोखरच मेला तर नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रालाच द्यावा. पण जिवंत असताना?

आता वाट मोकळी आहे. सासूबाई निर्धास्त चालतात आणि सकाळी चहाबरोबर नाना आम्हाला पुण्याच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवतात.