मूल वाचले, आता घर सावरावयास हवे

“मूल वाचले ना, मग आणखी काय पाहिजे?” हे वाक्य वैद्यकीय व्यवसायाच्या इतक्या वर्षांत आम्ही असंख्य वेळा ऐकले आहे, आणि कबूल करावयास हवे की, आम्ही स्वतःही ते उच्चारले आहे. आज या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या वाक्याचा फेरविचार समाजबांधवांपुढे मांडावा, असे आम्हांस वाटते.

अल अझीझिया येथे राहणारे आपल्यातीलच एक कुटुंब उन्हाळी सुटीत गावी गेले होते. नऊ वर्षांचा मुलगा काकांच्या मोटारसायकलवर, टाकीवर पुढे बसला होता. डोक्यावर हेल्मेट नव्हते. अपघात झाला, कवटीची शस्त्रक्रिया झाली आणि मूल वाचले. कुटुंब दोह्यास परतले तेव्हा त्यांच्या घरी आपली रीघ लागली. वर्गणी जमली, फळे आली. मुलगा चालत होता, बोलत होता. जखमेवर केस उगवले. ‘बरा झाला’ असे म्हणून आपण सारे आपापल्या कामाला लागलो.

चार महिन्यांनी शाळेतून तक्रारी येऊ लागल्या. मुलगा सांगितलेले विसरतो, दुपारपर्यंत थकून जातो, क्षुल्लक कारणाने चिडतो. शिक्षकांनी त्यास आळशी ठरविले, शेजाऱ्यांनी बिघडलेला. एका घरी कोणीतरी त्याच्या आईस म्हणाले, “मागच्या जन्मीचे काहीतरी असेल, बाई.” त्यानंतर ती माउली शुक्रवारच्या बुद्धवंदनेस आली नाही. ती का येत नाही, हे विचारावयास कोणी गेले नाही. त्या न जाणाऱ्यांत आम्हीही होतो.

जन्मानंतर मेंदूस होणारी इजा अनेक कारणांनी होते: अपघात, उंचावरून पडणे, पाण्यात बुडताना प्राणवायू तुटणे, मेंदूतील गाठ, मेंदूज्वर. नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा गावाच्या नावाने ओळखला जाणारा विषाणू १९६५ साली सापडला. २००३ साली आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात त्याने अनेक बालकांचे प्राण घेतले. अशा आजारांतून जी बालके बचावतात, त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूवर कायमचा परिणाम राहतो. ही इजा डोळ्यांस दिसत नाही, हेच तिचे मोठे संकट होय. मोडलेल्या हाताला प्लास्टर असते. मोडलेल्या स्मरणशक्तीला ते नसते.

आणखी एक गोष्ट पालकांना क्वचितच सांगितली जाते. नियोजन, संयम आणि सारासार विचार सांभाळणारा मेंदूचा पुढील भाग परिपक्व होण्यास विशीपलीकडचा काळ लागतो. त्यामुळे सातव्या-आठव्या वर्षी झालेल्या इजेचे काही परिणाम अभ्यास कठीण होऊ लागल्यावर, तेराव्या-चौदाव्या वर्षी उघड होतात. तोवर अपघात सर्वांच्या विस्मरणात गेलेला असतो आणि दोष मुलाच्या स्वभावास दिला जातो.

आता त्या ‘मागच्या जन्मी’विषयी. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना स्पष्टपणे नाकारली. दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी समाजाने व राज्याने झटकून टाकावी, एवढाच अशा सिद्धान्ताचा उपयोग होतो, हे त्यांनी दाखवून दिले. जी कल्पना आपल्या वाडवडिलांच्या माथी मारली गेली, तीच आज आपण आपल्यातील जखमी बालकाच्या आईच्या माथी मारावी काय? त्या मुलाच्या इजेचे कारण मागच्या जन्मी नव्हते; ते मोकळ्या डोक्यात होते. भारतातील मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील मुलांनाही हेल्मेट बंधनकारक केले आहे. सुटीत गावी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने मुलांच्या मापाचे हेल्मेट सामानात न्यावे.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची कथा आहे. तो मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्धांनी आनंदासह त्यास स्वहस्ते न्हाऊ घातले आणि संघास विचारले, याची शुश्रूषा का झाली नाही? उत्तर मिळाले की, तो भिक्खू संघाच्या काही उपयोगी पडत नाही. तथागतांनी त्यावर संघास बजावले की, रुग्णाची सेवा ही माझीच सेवा समजा. आपल्या संघटनेस याहून निराळा आदेश हवा आहे काय?

आमच्या सूचना मोठ्या खर्चाच्या नाहीत. पहिली, अशा मुलाच्या शाळेत पालकांसोबत आपल्यापैकी एखाद्या जाणत्या व्यक्तीने जावे. काम लहान तुकड्यांत द्यावे, मधून विश्रांती द्यावी, सूचना लिहून द्याव्यात, हे शिक्षकांस समजावून सांगावे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास केंद्रीय माध्यमिक मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ व लेखनिक मिळू शकतो. दुसरी, प्रमाणपत्राविषयी. १९९५ च्या भारतीय कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. मेंदूची इजा त्यात स्वतंत्र नावाने नाही. तिच्यामुळे उरलेल्या बौद्धिक, शारीरिक वा अन्य अडचणीवरून मूल्यमापन होते. सुटीत गावी गेल्यावर हे काम करून घ्यावे. मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून कार्यरत असलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था अशा कामी उपयोगी पडते. तिसरी सूचना सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. दोन कुटुंबांनी पाळीने आठवड्यातून दोन तास त्या घरी जावे, आईस विसावा द्यावा आणि भावंडांना बाहेर न्यावे. त्या भावंडांचे बालपणही त्याच अपघातात सापडलेले असते.

परदेशात वडिलांच्या नोकरीवर साऱ्या घराचे वास्तव्य अवलंबून असते. त्या भीतीपोटी अनेक पालक मुलाची अडचण लपवितात. त्यांना सांगता येईल असे एक घर आपल्या संघटनेने व्हावे. वर्गणी पहिल्या महिन्यात लागते. माणसे पुढील अनेक वर्षे लागतात.

आम्ही मागच्या शुक्रवारी त्या घरी गेलो होतो. दार त्या मुलानेच उघडले. आमचे नाव त्यास आठवले नाही. पण “जयभीम, काका” तो म्हणाला. येत्या शुक्रवारी कोण जाणार, हे आपण ठरवावे.

जयभीम! नमो बुद्धाय!