लायकाचे 'बलिदान'

नागपूरच्या धम्मदीक्षेला जेमतेम वर्ष लोटले असता, ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने लायका या कुत्रीला स्पुटनिक-२ मधून अवकाशात धाडले. परतीची सोय नव्हतीच. क्रांतीच्या ४०व्या वर्धापनदिनाची घाई होती. काही तासांतच ती उष्म्याने मेली. आम्ही शिक्षक वर्गात याला 'बलिदान' म्हणत आलो. परंतु बलिदान करणाऱ्यास नकाराचा अधिकार असतो. लायका मॉस्कोच्या रस्त्यावरची, बेवारस. थंडी-उपासमार सोसलेली म्हणूनच निवडलेली. सोसण्याची सवय हीच जिची पात्रता ठरली, तिचे दुःख आपल्या समाजाला तरी परके वाटू नये. बावीस प्रतिज्ञांतील प्राणिमात्रांवरील दयेत तीही येते. गगनयानाच्या मानवरहित चाचणीसाठी इस्रोने 'व्योममित्रा' हा यंत्रमानव घडविला, हेही मुलांना त्याच तासाला सांगावे.