ताकाला जाऊन भांडं लपवणारा सम्राट

रोमन सम्राटांचा विषय निघाला की गप्पा थेट कॅलिगुला आणि नीरोवर जातात. घोड्याला कॉन्सुल करायला निघालेला कॅलिगुला, रोम जळत असताना फिडल वाजवणारा नीरो... (फिडल तेव्हा नव्हतंच. आणि इ.स. ६४ ची ती आग लागली तेव्हा नीरो अँटियमला होता, असं टॅसिटसच लिहून ठेवतो. असो.) एकूण निष्कर्ष काय, तर माणसं वेडी होती, म्हणून राज्य बिघडलं.

मला हे पटत नाही. मला विचाराल तर खापर फुटायला हवं ते ऑगस्टसच्या डोक्यावर. हो, तोच, ज्याला सगळे आदर्श सम्राट म्हणतात.

माणूस कर्तबगार होता, वादच नाही. यादवी संपवली, पुढे चाळीस वर्षं राज्य केलं. पण राजा व्हायला निघाल्याच्या संशयावरून इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरचा खून झाला होता, आणि ते हा विसरला नव्हता. म्हणून इ.स.पू. २७ मध्ये त्याने जाहीर केलं की प्रजासत्ताक परत दिलं, मी फक्त 'प्रिन्सेप्स', म्हणजे पहिला नागरिक. प्रत्यक्षात जवळजवळ सगळं सैन्य याच्याच हाताखाली. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच!

आता गंमत बघा. कागदावर राजाच नाही, तर राजानंतर कोण, याचा नियम तरी कसा असणार? घरात मात्र वारस शोधणं चालूच. भाच्यापासून नातवंडांपर्यंत सगळे झाले. भाचा मार्सेलस गेला, जावई अग्रिप्पा गेला, लुसियस आणि गायस हे दोन्ही नातू इ.स. २ आणि ४ मध्ये गेले. शेवटी सावत्र मुलगा टायबेरियस. या टायबेरियसला आधी आवडती बायको सोडायला लावून स्वतःच्या मुलीशी लग्न करायला लावलं होतं. तो गादीवर आला ५४ व्या वर्षी, कडवट होऊन. त्याच सुमारास ऑगस्टसचा उरलेला एकुलता नातू मारला गेला, आणि र्‍हाइन व पॅनोनियातल्या सैन्यांनी बंड केलं.

खरा निकाल लागला इ.स. ४१ मध्ये. कॅलिगुलाला त्याच्याच पहारेकर्‍यांनी मारलं. सिनेटमध्ये प्रजासत्ताक परत आणायच्या चर्चा सुरू झाल्या, आणि तिकडे सैनिकांनी पडद्यामागे लपलेल्या क्लॉडियसला बाहेर ओढून सम्राट करून टाकलं! त्याने प्रत्येकाला १५,००० सेस्टर्स कबूल केले. साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार तेव्हा ९०० होता. गादीचा भाव ठरला, आणि तो ठरवणारेही ठरले. इ.स. ६९ मध्ये एका वर्षात चार सम्राट झाले, त्याची सुरुवात इथे आहे.

कुणी म्हणेल, लेखी नियम असता तर कॅलिगुला आला नसता का? कदाचित आलाच असता. ऑगस्टसचा सख्खा पणतूच तो! पण वाईट राज्यकर्त्याला घालवायला खुनाशिवाय दुसरा मार्ग राहिला असता, आणि पुढचा कोण हे तलवारवाल्यांनी ठरवलं नसतं.

त्या चारांतला शेवटचा व्हेस्पेशियन मला म्हणूनच आवडतो. माझ्यानंतर माझी मुलंच, हे त्याने सरळ सांगून टाकलं. भांडं उघड. इ.स. ७९ मध्ये टायटस गादीवर आला तेव्हा रक्त सांडलं नाही. (धाकटा डोमिशियन पुढे ९६ मध्ये मारला गेलाच, म्हणजे तेवढ्याने सगळं भागत नाही.)

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असा माणूस नवीन नाही. सगळी सिस्टिम एकट्याच्या डोक्यात, डॉक्युमेंट शून्य, आणि तो आहे तोवर सगळं झकास. त्याचं कौतुक जरूर करावं, पण तो गेल्यानंतरचं पहिलं वर्ष बघून. ऑगस्टसचं मूल्यमापन करताना नेमकं तेच कुणी करत नाही.