पट राहिला, बैलाचे काय?

धानाची मळणी आटोपली की अर्जुनी मोरगावसह अवघ्या झाडीपट्टीला शंकरपटाचे वेध लागतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबविल्या; २०१७ साली राज्याने कायदा दुरुस्त केला आणि २०२३ साली घटनापीठाने तो वैध ठरविला. १९६० च्या केंद्रीय कायद्याने पहिल्या क्रूरतेस १० ते ५० रुपये दंड ठेवला होता. राज्याच्या दुरुस्तीने शर्यतीतील क्रौर्यास ५ लाखांपर्यंत दंड ठरविला. परंतु खेड्यापाड्यातील प्रत्येक पटावर पहारा कोण देणार? पोळ्याला पूजिलेल्या बैलास पराणी टोचणे ही परंपरा नव्हे, तिची विटंबनाच होय. गावोगावच्या पट समित्यांनीच हे दायित्व स्वीकारले पाहिजे. अन्यथा न्यायालयात टिकलेली परंपरा गावातच हरेल.